साहेबाचा पिच्चर, पप्पांचा डावा कान

उसाच्या ट्रॉल्या पुन्हा रस्त्यावर आल्या आहेत. सकाळी ऑफिसला निघालं की पुढे एक तरी ट्रॅक्टर असतोच. त्याच्या मागे दोन ट्रॉल्या, इतक्या भरलेल्या की उसाची टोकं रस्त्याला टेकून खराट्यासारखी ओढत जातात. ड्रायव्हरच्या डोक्यावर मोठाले स्पीकर, त्यांतून गाणं कमी आणि धडधड जास्त. हवेत गुऱ्हाळाच्या चुलवाणाचा गोड, थोडा करपलेला वास. हा वास मला पूर्वी आवडायचा. गेल्या वर्षीपासून तो आला की आधी थकवा येतो, आवडणं मागाहून.

आणि काल सिग्नलला थांबले असताना ट्रॉलीच्या वरून पोस्टर दिसलं. पाठमोरा माणूस, हातात सुटकेस, पुढे लांबलचक पूल. साहेब परत आला.

साहेब हे पप्पांनी ठेवलेलं नाव. पडद्यावर त्याला दुसरं नाव आहे, पण आमच्या घरात ते कुणी घेत नाही. ही हेरपटांची मालिका माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. दर काही वर्षांनी एक भाग येतो. नट बदलतात, साहेब तोच राहतो. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला तो सुटकेस बंद करतो आणि शेवटी कुठल्यातरी हॉटेलच्या काउंटरवर खोलीची किल्ली ठेवून मागे न बघता चालू लागतो. मधल्या अडीच तासांत जग वाचतं. जगाचं मला फारसं काही वाटत नाही. ती किल्ली काउंटरवर टेकल्याचा बारीक आवाज होतो, त्यासाठी मी हे सगळे भाग बघत आले.

पप्पा फोर्जिंगच्या कारखान्यात हॅमरवर होते. तापून लाल झालेला लोखंडाचा तुकडा डायच्या साच्यात ठेवायचा आणि वरून हॅमर पडायचा. लहानपणी ते मला एकदा गेटपर्यंत घेऊन गेले होते. तो आवाज मला कानांनी ऐकल्याचं आठवत नाही, तो जमिनीतून पायांत आला होता. कानात घालायला बोळे मिळायचे. पप्पांच्या खिशात ते कायम असायचे, कानात क्वचित. "बोळं घातल्यावर हॅमर काय म्हणतोय ते कळत न्हाय," ते सांगायचे. "आवाज बदलला की समजायचं, कायतरी ढिलं झालंय." हॅमरचं नीट ऐकू यावं म्हणून त्यांनी कान उघडे ठेवले. याच्या पुढचं वाक्य आमच्या घरात कुणी बोलत नाही.

साहेबाचा पिच्चर मात्र इंग्रजीतच बघायचा, हा त्यांचा हट्ट. हिंदीतला चालायचा नाही. "हिंदीत सगळ्यांचा आवाज एकाच बाबाचा. मारणारा बी तोच, मरणारा बी तोच." इंग्रजीतला खेळ गावात एकच असायचा, सकाळचा, अर्धा रिकामा. पप्पांना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. "इंग्लिश मीडियम काय नुसत्या कविता म्हणायला हाय व्हय? साहेब काय म्हणतोय ते सांग की."

म्हणून मी त्यांच्या डाव्या हाताला बसायचे आणि कानाशी तोंड नेऊन कुजबुजायचे. त्या कानाला साबणाचा वास यायचा, आणि साबणाच्या मागे लोखंडाचा, जो कधीच पूर्ण जायचा नाही. शाळेत मी बोलायचे नाही. मनात वाक्य जुळवून होईपर्यंत वर्ग पुढच्या विषयावर गेलेला असायचा. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत. पण त्या अंधारात मी अखंड बोलायचे. खलनायकाच्या धमक्या, साहेबाची टोमणेबाजी, बायकांचं निरोप घेणं, सगळं माझ्या तोंडून पप्पांच्या कानात जायचं. पुढच्या रांगेतला कुणीतरी वळून बघायचा. पप्पा त्यालाच दम द्यायचे, "पुढं बघा की राव. पोरगी शिकलेली हाय माझी."

आणि घरी पोचायच्या आत त्या भागाचं नाव ठरवायचं. खरं नाव कुणाच्या लक्षात राहतंय! 'बर्फाचा', 'जुळ्याचा', 'वाळवंटाचा', 'स्टेशनचा', 'जहाजाचा'. स्कूटरवर मागे बसून मी सुचवायचे, पप्पा पसंत करायचे.

'बर्फाचा' हा पप्पांच्या मते सगळ्यांत भारी. त्यातला नट पहिला, चालताना घाई न करणारा. "बघ, मागं बॉम्ब फुटलाय तरी गडी चालतोयच. विजारीची इस्त्री मोडली न्हाय." मला तो भाग लहानपणी आवडायचा. आता वाटतं, मध्यंतरानंतर त्यात नुसतं घसरणं आहे, माणसं घसरतात, गाड्या घसरतात, कथाही. 'जुळ्याचा' वाईट यावर आमचं एकमत आहे. खलनायकाला जुळा भाऊ निघाला तेव्हा पप्पा अंधारात मोठ्यानं म्हणाले होते, "आयला, ह्यांच्यात बी हाय व्हय हे!" आणि अख्खं थिएटर हसलं होतं. दुसरा नट खिशात हात घालून विनोद करायचा. त्याच्या विनोदांचं भाषांतर करणं फार जिवावर यायचं. पप्पांना ते सांगून होईपर्यंत विनोद शिळा झालेला असायचा आणि ते माझी कीव येऊन हसायचे. 'वाळवंटाचा' लांब आहे, पण दुपारी झोपण्यासाठी चांगला.

माझा आवडता 'स्टेशनचा'. तिसऱ्या नटाचा पहिला भाग. या नटाचे डोळे कायम जागरण झाल्यासारखे. बऱ्याच जणांना तो आवडला नाही. हेर दमलेला कसा दाखवला, असं लोक म्हणाले. मला वाटतं, एवढी वर्षं सुटकेस भरणारा माणूस दमणार नाही तर काय करणार. त्यात एक प्रसंग आहे. साहेब आणि त्याचा जुना साथीदार रेल्वे स्टेशनच्या बाकावर बसलेत. समोर शत्रूची माणसं. तोंड उघडलं तर संपलं. दोघं एक शब्द न बोलता, एकाच्या मनगटावर दुसऱ्याची बोटं ठेवून सगळं ठरवतात. गाडी येते, जाते, पुन्हा येते. गोळी सुटत नाही.

"एवढ्यात काय कळतंय?" पप्पा म्हणाले होते. "टिचक्या मारून कुणाला पत्ता सांगता येतोय व्हय?"

"येतो पप्पा. ठरलेलं असलं की येतो."

"मग आपल्या पोस्टमनला सांग की."

'जहाजाचा' आला तेव्हा मी नुकती नोकरीला लागले होते. एका अकाउंटंटच्या ऑफिसात, आतल्या टेबलावर, जिथं कुणाशी बोलावं लागत नाही. त्या सकाळी नेहमीप्रमाणे मी पप्पांच्या डावीकडे बसले. सुरुवातीला ते दोन-तीनदा "काय म्हणाला?" करत वळले. मी सांगितलं. पुन्हा विचारलं. पुन्हा सांगितलं. मग ते विचारायचे थांबले. पुढे बघत राहिले, योग्य जागी मान हलवत. मी कुजबुजायचं थांबवलं तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

मला वाटलं, पप्पांना आता इंग्रजी कळायला लागलं.

इतक्या वर्षांत कानावर पडून पडून कळायला लागलं असेल. मला अभिमान वाटला आणि थोडं वाईटही. घरी आल्यावर आईलाही सांगितलं, पप्पा आता माझ्याशिवाय बघतात. 'जहाजाचा' मला तेव्हापासून आवडत नाही. लोक त्याला मालिकेतला सगळ्यांत चांगला भाग म्हणतात. पाण्याखालचं दृश्य खरोखरच सुंदर आहे. पण माझं मन त्यात नव्हतं, आणि मत म्हणजे शेवटी तेव्हा शेजारी कोण कसं बसलं होतं, एवढंच असतं बहुतेक.

गेल्या वर्षी पप्पा निवृत्त झाले. हंगाम सुरू झाला होता, हवेत हाच वास होता, आणि त्यांना वेळ कसा घालवावा ते कळत नव्हतं. आम्ही ठरवलं, पहिल्यापासून सगळे भाग ओळीनं बघायचे. रविवारी जेवण झालं की टीव्हीसमोर. थिएटर नव्हतं म्हणून पप्पांनी हिंदी चालवून घेतलं. आवाज वाढत गेला. शेजारच्या शकिलाचाची भिंतीपलीकडून ओरडल्या, "अवो, तुमच्यातला गोळीबार आमच्या कपाटातली भांडी पाडायलाय!" पप्पा हसत पडद्याकडे बघत राहिले. आई उठून आवाज कमी करून आली. थोड्या वेळानं साहेबानं विनोद केला. आई हसली. पप्पा आईकडे बघून मग हसले.

तेवढ्या उशिरानं मला कळलं.

एकदा कळल्यावर सगळीकडे दिसायला लागलं. पाहुणे आले की पप्पा स्वतःच प्रश्न विचारायचे, म्हणजे उत्तर काय असेल याचा अंदाज असतो. नेहमी भिंतीला पाठ लावून बसायचे, सगळ्यांची तोंडं दिसतील असे. फोन वाजला की "रेंज न्हाय" म्हणून माझ्याकडे द्यायचे. किराणा दुकानात बोट दाखवायचे. आणि एक हसू होतं त्यांचं, कुठल्याही वाक्याला चालेल असं. साहेबालासुद्धा इतकं पक्कं सोंग कधी जमलं नाही. साहेबाचं सोंग मध्यंतराला उघडं पडतं.

मी काही बोलले नाही. न बोलणं मला येतं. मी फक्त त्यांच्या बाजूची झाले. जेवताना आई काही म्हणाली की मी तेच दुसऱ्या शब्दांत, त्यांच्याकडे तोंड करून म्हणायचे. "भाकरी वाढू का विचारतेय आई." "गारगोटीच्या आत्याचा फोन होता म्हणे." घरात प्रत्येक गोष्ट दोनदा घडायला लागली, एकदा खरी आणि एकदा माझ्या तोंडून. दिवसभर ऑफिसात गप्प बसून मी संध्याकाळी घरी यायचे आणि जेवण होईपर्यंत दोन माणसांचं बोलायचे. अंथरुणावर पडले की जबडा दुखायचा. मला एकच हवं होतं. पप्पांनी स्वतःच्या तोंडानं एकदा, कुणालाही, सांगावं की मला ऐकू येत नाही. त्यांनी सांगितलं असतं तर मला गप्प बसता आलं असतं.

गारगोटीच्या आत्याकडे जेवण होतं. परतताना स्कूटर पप्पा चालवत होते, मी मागे. पुढे उसाची ट्रॉली, गाणं लावलेली. पप्पांनी ओलांडायला उजवीकडे घेतली. मागून एक गाडी सुसाट येत होती आणि हॉर्नवरचा हात काढत नव्हती. मी सवयीनं त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि सांगितलं, "पप्पा, मागं गाडी आहे." थिएटरात सांगावं तसं. स्कूटर उजवीकडे जातच राहिली. मग मी ओरडले. एवढ्या मोठ्यानं मी आयुष्यात ओरडले नव्हते. ट्रॉलीवरच्या माणसानं वळून बघितलं. पप्पांनी नाही. मी त्यांचा शर्ट धरून डावीकडे ओढला. स्कूटर ट्रॉलीच्या मागे येऊन, डगमगत, कडेच्या मातीत थांबली. गाडी शिव्या देत गेली.

आम्ही एका उसाच्या बांधावर बसलो. तोडून नेलेल्या फडात पाचट पसरलं होतं.

पप्पा म्हणाले, "कवापासनं म्हाईत हाय तुला?"

"टीव्हीवर जुळ्याचा बघितला, तेव्हापासून. आणि तुम्हाला?"

ते पाचटाकडे बघत होते. त्यांनी माझे ओठ बघितले होते की अंदाजानं उत्तर दिलं, कुणास ठाऊक. "जहाजाचा आलता बघ. तू कानात बोलायलीस आन मला नुसता वारा लागायलाय. म्हटलं, पोरगी एवढी सांगतीया. परत परत किती विचारू?"

मी काहीही बोलले असते तरी तो वाराच असता.

त्यांनी खिशातून स्कूटरची किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. "इथनं पुढं तू चालवायची. आईला माझा गुडघा दुखतोय म्हणून सांगतो. दुसरं काय सांगू नको." मी हो म्हणाले. साहेब किल्ली ठेवतो तेव्हा त्याचं काम संपलेलं असतं. माझं तिथून वाढलं.

ते वर्ष गुडघ्याचं गेलं. आई रोज रात्री त्यांच्या धडधाकट गुडघ्याला तेल चोळायची आणि पप्पा चोळून घ्यायचे. कानाच्या डॉक्टरांकडे मी एकटी जाऊन आले. त्यांनी सांगितलं, मशीन लावता येईल, फरक पडेल, पण माणूस तर आणा. माणूस येत नव्हता. "मशीन घातली की म्हातारा झाला म्हणत्यात." मी विषय काढला की त्यांचं ते कुठल्याही वाक्याला चालणारं हसू यायचं. माझ्यासमोर तरी ते हसू नको, असं मला वाटायचं. पण हे मोठ्यानं कसं सांगणार? आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत. थकवा ओरडून सांगितला की तो भांडणासारखा ऐकू येतो.

काल पोस्टर बघून घरी आले आणि पप्पांसमोर उभी राहिले. "साहेब आलाय. उद्या रविवार, सकाळचा खेळ."

"तू जा मैत्रिणीबरोबर. मला काय कळतंय त्यातलं."

मला मैत्रीण नाही, हे त्यांना माहीत आहे. मी शेजारी बसले, त्यांचा डावा हात घेतला आणि मनगटावर बोट ठेवलं. एक टिचकी मारली. "एक म्हणजे खोटं बोलतोय." दोन मारल्या. "दोन म्हणजे खरं बोलतोय." मनगट दाबून धरलं. "हे म्हणजे आता धोका आहे." त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग हाताकडे.

"स्टेशनचा," ते म्हणाले.

"स्टेशनचा."

"आन एवढ्यात सगळा पिच्चर कळंल?"

मी दोन टिचक्या मारल्या.

आणि खरं सांगते, कळतो. आज सकाळी मला ते पटलं. इतकी वर्षं मी त्यांच्या कानात हजारो वाक्यं ओतली, पण या मालिकेत माणसं मुळात तीनच गोष्टी बोलतात. साहेबाची वरिष्ठ बाई त्याला म्हणाली, तुझ्यावर माझा विश्वास आहे. एक टिचकी. पप्पांनी हुंकार दिला. पुलाखाली भेटलेला भिकारी काहीतरी पुटपुटला. दोन. कॉफी देणारी मुलगी गोड हसली आणि मी मनगट दाबून धरलं, तसे पप्पा खुर्चीत सरसावले. तिसरा नट आता पन्नाशीचा दिसतो. पळताना त्याला दम लागतो आणि दिग्दर्शकानं तो लपवलेला नाही. पप्पांच्या बरोबरीनं मला तो दम दिसत होता, ऐकू येण्याची गरज नव्हती.

मध्यंतरात दिवे लागले. पप्पांच्या उजवीकडे एक जाडजूड माणूस समोशाची प्लेट घेऊन बसला होता. तो पप्पांकडे वळला. "ओ पावणं, सुरवातीला त्या बाईनं त्याला काय दिलं हो? मी गाडी लावायला गेलतो."

पप्पांच्या तोंडावर ते हसू यायला लागलं. मी सवयीनं पुढे वाकून तोंड उघडलं. पप्पांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि दाबून धरला.

"मला ऐकू येत न्हाय," ते म्हणाले. ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, गरजेपेक्षा मोठ्यानं. "म्हंजे लई कमी येतंय. हिला इचारा. पोरगी हाय माझी."

पुढच्या दोन रांगा वळल्या. मला वाटलं, आता काहीतरी होईल. तो माणूस समोसा खाली ठेवून म्हणाला, "आवं मग आधी सांगायचं न्हाय व्हय! मगाधरनं 'जरा पाय घ्या' म्हणायलोय. म्हटलं, माणूस लईच ताठ दिसतंय!" मग त्यानं पप्पांच्या कानाशी तोंड नेलं आणि थिएटरभर ऐकू जाईल असं ओरडला, "आमच्या दाजीनं मशीन बसवलीया! झ्याक ऐकू येतंय! आता बायकोचं बी ऐकावं लागतंय म्हणून घरात काढून ठेवतंय!"

सगळे हसले. पप्पाही हसले, आणि या वेळी कुणाकडे बघून नाही. "कुठनं बसवली?" त्यांनी विचारलं. त्या माणसानं पत्ता ओरडून सांगितला. मग तो माझ्याकडे वळला. "ताई, काय दिलं हो त्या बाईनं?" त्या बाईनं एक नकाशा दिला होता, खोटा. मी सांगितलं. अनोळखी माणसाला, दिव्यांच्या उजेडात, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

शेवटी किल्ली काउंटरवर टेकली तेव्हा तिचा आवाज कसा कळवायचा ते ठरलेलं नव्हतं. मी नख त्यांच्या मनगटावर अगदी हलकं टेकवलं. त्यांनी मान हलवली.

येताना स्कूटर मीच चालवत होते. गुऱ्हाळांचा वास येत होता. पुढे ट्रॉली होती आणि मी तिच्या मागेच राहिले, ओलांडायची घाई नव्हती. मागून पप्पा ओरडले, "पुलाचा! बर्फाच्या खाली, स्टेशनच्या वर!" हे मला मान्य नाही, पण स्कूटरवर वाद घालता येत नाही.

गल्लीच्या तोंडाशी मी गाडी थांबवली. पप्पा उतरून समोर आले. "उद्या जाऊ त्या कानाच्या डॉक्टरकडं," ते म्हणाले. "आईला मी सांगतो. तू काय बोलू नको." मग किल्ली काढून घेणाऱ्या माझ्या हाताकडे बघत थांबले.

"दमलीस, पोरी?"

मी मान हलवून नाही म्हटलं, नेहमीसारखं.

त्यांनी माझं मनगट धरलं आणि एक टिचकी मारली.